बाग तोडण्याआधी मधला घास बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वैजापूर तालुक्यात दोन एकर, सरदार पेरूची २२० झाडं, २० बाय २० फुटांवर, वय सात वर्षं. सुरुवातीची दोन पिकं दिवाळीनंतर निघाली आणि चांगली निघाली. गेली तीन वर्षं मात्र माल श्रावण-भादव्यात येतोय. वरून फळ झकास, चिरलं की आत अळ्या वळवळतात, चव पाणचट, व्यापारी कॅरेटकडे बघून तोंड फिरवतो. यंदा सात फवारण्या झाल्या, फरक शून्य. चार झाडं उभ्या उभ्या वाळली. शेजाऱ्यानं तैवान पिंक जातीचा पेरू लावलाय, तुमच्याही मनात तेच घोळतंय, आणि आई म्हणतेय उभी झाडं तोडू नको. तोडू की ठेवू, एवढंच तुम्ही विचारलंय.

पण मधेच एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. ‘ओळींच्या मधल्या पट्ट्यात जनावरांसाठी चाऱ्याचा घास आहे, त्याला आठवड्याला पाणी देतो.’ तुमचा प्रश्न जातीचा नाहीच, तो या ओळीत बसलाय. घास कधी टाकला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगतो, तीन वर्षांपूर्वी टाकला असणार.

मी राहात्याच्या बाजूला सव्वीस वर्षं पेरू करतो. सांगतोय ते स्वतःच्या बागेत आणि लोकांच्या बागांत फिरून बघितलेलं. तुमची जमीन मी पाहिलेली नाही, म्हणून काही ठिकाणी ‘जमिनीवर आहे’ असं म्हणावं लागेल. ती पळवाट समजू नका, पेरूत निम्मं काम जमीनच ठरवते.

आधी झाडाचा स्वभाव. पेरूला कळी येते ती नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. आंब्यासारखं वर्षातून एकदाच मोहरायचं असा त्याचा नेम नाही. पाणी मिळालं, ऊब मिळाली की तो फुटतो, आणि फुटला की कळी काढतो. म्हणजे कळी कधी हवी ते ठरवायचा अधिकार मालकाकडे असतो, पण तो वापरावा लागतो. नाही वापरला तर झाड स्वतःच्या मनानं चालतं.

आपल्याकडे तीन बहार, म्हणजे फुलं येऊन पीक धरायचे तीन हंगाम. फेब्रुवारी-मार्चच्या फुलावर धरला तर आंबे बहार, त्याची फळं ऐन पावसाळ्यात. जून-जुलैच्या फुलावर मृग बहार, फळं नोव्हेंबर ते जानेवारी. ऑक्टोबरच्या फुलावर हस्त बहार, फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी. आमच्याकडे जुनी माणसं मृगच धरायची, आणि त्यामागे हौस नव्हती. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या, कालव्याचं आवर्तन कधी येईल त्याचा भरवसा नसायचा, त्यामुळे झाडाला ताण, म्हणजे पाण्यावाचून विश्रांती, आपोआप बसायचा. पाऊस पडला की झाड तरारून फुटायचं आणि थंडीत माल निघायचा. ठिबक आलं, शेततळी आली, उन्हाळ्यातही पाणी पुरायला लागलं आणि बागा हळूहळू पावसाळी मालाकडे सरकल्या. कित्येकांना ते कळलंही नाही.

तुमचं तसंच झालंय. आंबे बहार तुम्ही धरलेला नाही, तो घासानं धरलाय. फेब्रुवारीत ऊन वाढतं, मधल्या पट्ट्यात दर आठवड्याला पाणी भरतं, पेरूच्या मुळ्या त्या पट्ट्यात कधीच पोचलेल्या आहेत. झाडाला वाटतं चैन आहे, फुटायला हरकत नाही. पहिली दोन वर्षं घास नव्हता म्हणून उन्हाळ्यात झाडं तहानली आणि माल दिवाळीनंतर आला. जात तेव्हाही सरदारच होती.

आता पावसाळी फळ पाणचट का लागतं? फळ पोसायचा काळ आणि ढगाळ हवेचा काळ एकच येतो. ऊन कमी म्हणजे पानांत साखर कमी तयार होते, जमिनीत पाणी मुबलक म्हणजे फळ फुगतं भराभर. थंडीतलं फळ सावकाश वाढतं, रात्री गार असतात, आकाश मोकळं असतं, गोडी भरायला वेळ मिळतो. क जीवनसत्त्वही हिवाळी फळात जास्त असतं, पावसाळीत कमी. तुमचं खत कमी पडलं म्हणून चव गेली असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून पोतं घेऊ नका.

अळ्यांचं गणितही तिथेच आहे. ही फळमाशीची अळी. मादी फळाला शेपटाकडची सुई टोचते आणि सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी, दोन दिवसांनी तिथे किंचित मऊ पडतं. फळ हिरव्याचं पोपटी व्हायला लागलं की तिची झुंबड उडते. तुम्ही मारलेलं औषध बसतं सालीवर, अळी असते गरात. वर पाऊस ते धुऊन नेतो. आणि पेरू हे सालीसकट खायचं फळ आहे हे विसरू नका. तोडणीच्या तोंडावर मारलेलं औषध कुणाच्या तरी पोरानं दातानं सोलून खाल्लेलं असतं. सात फवारण्यांचा पैसा गेला तो गेला, पुढच्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

एक प्रयोग घरी करून बघा. खाली पडलेली आठ-दहा फळं एका घमेल्यात ठेवा, तळाला दोन बोटं कोरडी माती पसरा, वर जुनी साडी बांधा. दोन-चार दिवसांत सकाळी साडी उचला. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या अंगाचा धनुष्यासारखा बाक करतात आणि टुणकन उडी मारतात. घमेल्याच्या कडेला आपटल्याचा आवाजसुद्धा येतो. मग त्या मातीत शिरतात आणि तपकिरी कोष करतात. आठ-दहा दिवसांनी त्या साडीखाली माश्या असतील. हे मी माझ्या मुलाला दाखवलं तेव्हापासून त्याला पडलेली फळं वेचायला सांगावं लागत नाही. तुमच्या बागेत झाडाखाली पडलेलं प्रत्येक फळ म्हणजे हे घमेलं आहे. अंड्यापासून माशी व्हायला सगळे मिळून साधारण महिनाभर लागतो, म्हणजे जुलैची माशी सप्टेंबरपर्यंत आजी झालेली असते. म्हणून पहिल्या तोडणीपेक्षा शेवटच्या तोडणीत अळी जास्त सापडते.

थंडी पडली की माशी मंदावते. मृग बहाराचं फळ ऑगस्ट-सप्टेंबरात, माशीच्या भरात, अजून कडक आणि गडद हिरवं असतं, तिला ते नको असतं. ते मऊ पडायला लागतं तेव्हा माशी कमी झालेली असते. पूर्ण संपते असं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या तोड्यांना थोडा त्रास होतोच.

सापळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की लावले होते, भरभरून माश्या पडल्या, तरी अळी राहिली. सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल, म्हणजे वासाचं आमिष, ओढतं फक्त नराला. मादी मोकळीच फिरते. नर इतके कमी व्हायला हवेत की मादीला जोडीदारच मिळू नये, आणि ते दोन एकरांत होत नाही, कारण शेजारच्या बागेतून नवे नर येतात. तरी मी एकरी सहा ते आठ सापळे लावतोच, पण फळ तयार व्हायच्या महिना-दीड महिना आधी, आणि शेजाऱ्याला चहा पाजून त्यालाही लावायला लावतो. सापळ्यापेक्षा पडलेली फळं रोज वेचून दोन फूट खोल गाडणं जास्त गुणकारी आहे. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही. उकिरड्यावर फेकणं म्हणजे गाडणं नव्हे.

आता पुढचं वर्ष कसं काढायचं ते सांगतो. पण आधी कडू गोष्ट. बहार बदलायचा म्हणजे या सप्टेंबरनंतर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत पेरूचा पैसा नाही. चौदा महिने. घर या बागेवरच चालत असेल तर एकच एकर बदला, दुसऱ्या एकराचा माल आणखी एक वर्ष फळांना पिशव्या घालून पावसाळ्यातच काढा, आणि मग तो बदला. हे तुमच्या घरच्या हिशोबावर आहे, मला इथून ठरवता येणार नाही.

आत्ता लगेच करायचं ते साफसफाईचं. झाडावर उरलेली सगळी फळं, बारकी, सुकलेली, किडकी, उतरवा आणि गाडा. वाळलेल्या फांद्या काढा, खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. ऑक्टोबरमध्ये झाडं पुन्हा फुटतील आणि कळी काढतील. मोह होईल, कारण फेब्रुवारी-मार्चात भाव बरा असतो. ती कळी खुडून टाका. हस्ताची फळं अंगावर असताना झाडाला उन्हाळी ताण देता येत नाही. ज्याला दोन बहार हवे असतात त्याला दोन्ही अर्धवट मिळतात.

घास. जनावरांना लागतो हे मान्य, माझ्याकडेही चार आहेत. विहिरीजवळ पाच-सहा गुंठ्यांचा वेगळा तुकडा करा आणि तिथे न्या. बागेतला जानेवारीपर्यंत कापून घ्या आणि मग मोडा. नुसतं पाणी तोडून भागणार नाही, त्याची मुळं खोल जातात, लवकर मरत नाही. मधल्या पट्ट्यात पुढे काही घ्यायचंच असेल तर पावसाळ्यात ताग किंवा उडीद घ्या, उन्हाळ्यात पट्टा उघडा राहिला पाहिजे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पाणी कमी करत बंद करायचं. इथे जमीन बोलते. गोदाकाठची काळी भारी असेल तर ओल धरून ठेवते, ताण बसायला अडीच-तीन महिनेसुद्धा लागतात, म्हणून फेब्रुवारीतच बंद करा. डोंगराकडची मुरमाड असेल तर एवढ्यानं झाडं जळतील. तिथे मार्चअखेरपर्यंत हलकं पाणी चालू ठेवा आणि मग तोडा. तारखेपेक्षा झाड बघा. पानं गडद हिरव्याची फिकट पडतात, दुपारी द्रोणासारखी वळतात, मग पिवळी होऊन गळायला लागतात. साधारण निम्मी पानं गळाली की ताण बसला. कोवळ्या फांद्यांचे शेंडे वाळून कडकड मोडायला लागले तर तुम्ही जास्त ताणलंत, एक हलकं पाणी द्या. ताण चालू असताना मार्च-एप्रिलात चुकार कळी निघते, ती हातानं काढायची. उत्तरेकडे युरियाची तीव्र फवारणी करून फुलं जाळतात, दहा-पंधरा टक्क्यांची. मी एकदाच केली. फुलं जळाली, पण पानांचं बघून बायको दोन दिवस बोलली नाही. दोन एकराला मजूर लावून खुडणं परवडतं.

मे महिन्याच्या आसपास छाटणी, नेमक्या तारखा खाली देतो. पेन्सिलीएवढ्या फांद्यांचा शेंड्याकडचा निम्मा भाग सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, काढायचा. आतल्या, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढायच्या, झाडाच्या मधोमध ऊन पडलं पाहिजे. मग आळं हलकं चाळायचं, शेणखत घालायचं. सरदारच्या मोठ्या झाडाला आपल्याकडे शिफारस आहे ९०० ग्रॅम नत्र, ३०० स्फुरद, ३०० पालाश. पोत्याच्या भाषेत, युरिया जवळपास दोन किलो, सुपर फॉस्फेट पावणेदोन-दोन किलो आणि पोटॅश अर्धा किलो. युरिया निम्माच छाटणीच्या वेळी द्या, निम्मा फळ सुपारीएवढं झाल्यावर. आधी माती तपासून घेतली तर यातलं काही वाचेल. मग पहिलं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं भरपूर. ताण तोडताना पहिल्याच पाण्याला आळं तुडुंब भरू नका.

पंधरवड्यात फूट दिसेल, छाटणीपासून दीड महिन्याच्या आसपास कळी. फूल ते फळ चार-पाच महिने. हिशोब नोव्हेंबरअखेरपासून लागतो. पण डिसेंबरात राहात्याचा, दौलताबादचा, सगळ्यांचाच माल येतो. म्हणून एक एकर १० मेला छाटा आणि दुसरा १ जूनला. तोडणी लांबते, मजुरांची ओढाताण कमी होते, आणि एकाच आठवड्यात सगळा माल घेऊन बाजारात उभं राहायची वेळ येत नाही. मला ही अक्कल बाराव्या-तेराव्या वर्षी आली.

चार झाडं वाळली त्याबद्दल. पानं पिवळी पडून, शेंड्याकडून वाळत, पावसाळ्याच्या शेवटी झाड बसलं असेल तर तो मर रोग. बुरशी मातीतून मुळात शिरते, आणि भारी जमिनीत सतत ओल असली की तिचं फावतं. इथेही घासाचं पाणी आलंच. मेलेलं झाड मुळांसकट काढून जाळा, खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवा, शेजारच्या झाडांना निंबोळी पेंड आणि शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, द्या. त्यानं मेलेलं उठत नाही, शेजारचं वाचण्याची शक्यता वाढते, एवढंच. पण काढताना मुळं नीट बघा. मुळांवर गाठी असतील तर प्रकरण वेगळं आहे, आणि तिथूनच मी तैवान पिंककडे येतो.

तैवान पिंक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लवकर धरतो, वर्षभरात फळ दाखवतो, आत गुलाबी, शहरात उचल चांगली. पण तो बारमाही फुलतो, म्हणजे बहाराची शिस्त लावायला सरदारपेक्षा अवघड. फळ मोठं, फांदी नाजूक, बांधावं लागतं. आणि प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि पिशवी ही चैन राहत नाही, सक्ती होते. माशीला जात कळत नाही. तुम्ही त्याच घासाच्या पाण्यावर तैवान पिंक लावलात तर तीन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल, फक्त गर गुलाबी असेल. सुगंधाचं म्हणाल तर माझं मत पक्षपाती आहे. घरात चार पिकले सरदार ठेवले तर पाहुण्याला दारातच कळतं. नव्या मोठ्या जातींना मला तो वास सापडत नाही.

माझी चूक ऐका. आठ वर्षांपूर्वी मीही अर्धा एकर सरदार काढून एका रोपवाटिकेतून नव्या जातीची रोपं आणली. पानं तुकतुकीत, उंची सारखी. दुसऱ्या पावसाळ्यात पानं तांबूस पडली, वाढ थांबली. आधी जस्ताची कमतरता समजून फवारण्या केल्या. शेवटी एक झाड उपटलं तर मुळं कोवळ्या आल्यासारखी गाठाळलेली. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. ते माझ्या शेतात नव्हते, रोपाच्या पिशवीतल्या मातीतून आले. आता त्या अर्ध्या एकरात पेरू लावायची हिंमत होत नाही, झेंडू आणि ज्वारी फिरवतोय. पेरूवरच्या या गाठीच्या सूत्रकृमीनं देशात बऱ्याच ठिकाणी बागा बसवल्यात आणि तो पसरतो मुख्यतः रोपांतून. म्हणून तुम्ही कधीही, कोणत्याही जातीची रोपं घेतलीत तर लॉटमधली तीन-चार मधलीअधली उचला, पिशवी फाडा, मुळं बादलीत धुवा आणि उन्हात धरून बघा. त्या तीन-चार रोपांचे पैसे आधीच द्या. रोपवाला फाडू देत नसेल तर रिकाम्या गाडीनं परत या. आणि पेरू काढून लगेच त्याच खड्ड्यात पेरू तर मुळीच नको. बाग न तोडायला मला एवढं एक ठाम कारण पुरे आहे.

तैवानची हौस असेल तर बांधाकडच्या नव्या जमिनीत वीस झाडं लावून बघा. तीन वर्षं हिशोब वेगळा लिहा, मग ठरवा.

पिशव्यांचं विचारलंत. मृगाच्या मालालाही मी निवडक पिशव्या घालतो, पहिल्या तोड्याच्या फळांना. फळ लिंबाएवढं झाल्यावर, त्याआधी नाही, कारण बारीक फळ गळतं आणि पिशवी वाया जाते. खालचे दोन कोपरे कातरायचे, नाहीतर आत पाणी साचून बुडाला काळं पडतं. घालायच्या आदल्या दिवशी फळं विरळ करा, एका बेचक्यात एकच. आणि काढलेलं प्लास्टिक बांधावर सोडू नका, गाई खातात.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. व्यापारी म्हणतो, ‘थंडीत पेरू खाल्ला की सर्दी होते म्हणून गिऱ्हाईक नाही, हिवाळी माल धरू नका.’ भाव पाडायची ही जुनी तऱ्हा आहे, पण लोक खरंच तसं मानतात, म्हणून उत्तर माहीत असावं. सर्दी होते विषाणूनं, पेरूनं नाही. उलट शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास. त्यातलं बरंचसं सालीत आणि सालीलगतच्या गरात, म्हणून सोलून खाणाऱ्यांनी निम्मी मजा घालवली. अर्थात पेरू खाल्ल्यानं सर्दी होणारच नाही असंही मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, तसं होत नाही. मी सांगतो ते वेगळं. आपल्या भाकरीतलं, डाळीतलं, मेथीतलं लोह अंगाला कमी लागतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं की ते जास्त लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन हे मोजलं, २०१३ साली ते छापून आलं. रक्त कमी असलेल्या घरातल्या मुलीला जेवणासोबत एक पेरू द्या, चार तासांनी नव्हे, जेवणासोबत. माझ्याकडे रस्त्याला पाटी आहे, त्यावर मी हेच लिहिलंय. पेरूवर तिखटमीठ टाकून देतो तो भाग वेगळा.

बियांनी अपेंडिक्स होतं ही भीतीही फोल आहे. कच्चा तुरट पेरू पोटभर खाल्ला तर मात्र पोट धरतं, ते खरं. साखरेच्या दुखण्याच्या माणसानं अख्खं फळ माफक खावं, रस काढून साखर घालून नव्हे. डॉक्टरांनी पथ्य दिलं असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. गुलाबी गराचं एक वेगळेपण आहे, टोमॅटोत असतं ते लायकोपीन त्यात असतं. तेवढ्यासाठी पांढऱ्याला कमी लेखायचं कारण नाही.

तुमच्या आई परभणीकडच्या, त्या ‘जांब’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंत. आमचे एक नागपूरचे पाहुणेही जांबच म्हणतात. या फळाच्या नावाची गंमत आहे. झाड आलं अमेरिकेतून, पोर्तुगिजांबरोबर. पुष्कळांना वाटतं पेरू देशातून आलं म्हणून पेरू. तसं नाही. पोर्तुगिजांच्या बोलीत ‘पेरा’ म्हणजे नाशपती, त्यावरून आपलं पेरू. गोव्यात अजून पेरूची घट्ट वडी करतात, तिला पेराद म्हणतात. हिंदीतला अमरूद फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थही नाशपतीच. दोघांनी या फळाला बघून दुसऱ्याच फळाचं नाव ठेवलं.

आणि ज्याला तुम्ही तोडायला निघालात तो सरदार मूळचा आपल्या पुण्याचा, गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात १९२७ साली निवडलेला. बी लखनौचं म्हणून कागदावर त्याचं नाव एल-४९, लखनौ एकोणपन्नास. त्याची आई अलाहाबाद सफेदा. अकबर इलाहाबादी एका शेरात म्हणून गेलेत की अलाहाबादेत आहे काय, एक अकबर आणि दुसरे पेरू. जवळपास शंभर वर्षं टिकलेली जात आहे ही. तिला तीन वर्षांच्या घासापायी दोष देऊ नये असं मला वाटतं.

थोडक्यात क्रम लिहून ठेवा: आत्ता पडलेली आणि झाडावर उरलेली फळं गाडणं, ऑक्टोबरची कळी खुडणं, जानेवारीपर्यंत घास हलवणं, फेब्रुवारीनंतर जमीन बघून पाणी तोडणं, १० मे आणि १ जूनला छाटणी. त्याआधी एक काम. कुदळीनं घासाच्या पट्ट्यात दीड फूट खड्डा घ्या, मातीचा मुठीत लाडू वळतो का बघा आणि पेरूची पांढरी मुळं तिथे दिसतात का तेही बघा. दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं तर मी वर लिहिलेलं बरोबर आहे. ‘नाही’ आलं तर मला सांगा, मग वेगळा विचार करावा लागेल.

विहिरीकडची ती दोन झाडं, जिथून आई श्रावणात माहेरी जांबांची पिशवी पाठवतात, त्यांना ताण बसणारच नाही, पाझर आहे तिथे. ती तशीच राहू द्या. फक्त तीही माशीचं घर होतील, म्हणून त्यांच्यावरच्या एकूण एक फळाला पिशवी हवी. ते काम आईंनाच द्या. एकही फळ सुटणार नाही.